डाव्या कानाची हाजरी

माझ्या भोंग्याच्या आवाजावर एकदा वाघ आला होता. रानाला लागून असलेल्या एका गावात लग्न होतं. मी मंगलाष्टकांची टेप लावली, तर हा बाबा झुडपातून निघाला, मांडवाच्या कडेला पाय दुमडून बसला आणि शेवटचं 'सावधान' झाल्याशिवाय हलला नाही. चार अक्षता त्याच्याही पाठीवर पडल्या. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा देवलमेट्याची माणसं मान डोलावतात. कोणी तर विचारतं, "लहानूभाऊ, आहेर काय देल्ला त्याले?" पण नगरपंचायतीच्या सभागृहात माझ्या डाव्या स्पीकरच्या बॉक्समधून काय निघालं ते सांगायला लागलो की हीच माणसं चहाचा कप खाली ठेवतात आणि उठून जातात. वाघ चालतो त्यांना. हे चालत नाही.

आता जागा समजून घ्या. देवलमेटा म्हणजे मुलचेऱ्याच्या पुढे, डांबर संपतं तिथलं गाव. आता नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं. नगरपंचायतीचं कार्यालय ज्या कौलारू इमारतीत आहे, तिथे पूर्वी बालसदन होतं. जंगलातल्या गावांतली आईबाप गेलेली, नाहीतर बाप गेलेली पोरं तिथे आणून ठेवत. चालवायची पंचायत, अधीक्षक नेमायची पंचायत, आणि पोरांच्या अंगावरचे वळ पाहून तोंड फिरवायची तीही पंचायतच. बालसदन बंद पडून जमाना झाला. अधीक्षक मेला, त्यालाही जमाना झाला. पण जिथे पोरं जेवायला बसत त्या लांब खोलीचं सभागृह झालं, सभागृहाला अधीक्षकाचं नाव लागलं, आणि भिंतीवर त्याचा फोटो चढला. खुर्चीत बसलेला, उजवा हात खुर्चीच्या हातावर, पंजा चांगला सुपाएवढा.

त्या पंज्याची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. अधीक्षकाला पोरानं गोंडीत बोललेलं चालायचं नाही, भात मागितलेला चालायचा नाही, रडलेलं तर अजिबात नाही. मारायचा तो नेहमी उजव्या हातानं, समोरून, म्हणजे पोराच्या डाव्या कानावर. बालसदनातून जे पोर बाहेर पडलं त्याचा डावा कान गेलेला. गावानं त्यांना नाव पाडलं होतं, एककानी. बाजारात एककानी माणूस भेटला की लोक न सांगता त्याच्या उजव्या बाजूला जात आणि मग बोलत. इतकी सवय, की असं का जावं लागतं हे विचारायचंच गाव विसरून गेलं.

या एककान्यांमधला एक इसरू. बांबूची कामं करतो, तोंडाचा फाटका. म्हातारपण दिसू लागल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गावोगावचे एककानी गोळा केले आणि नगरपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली आणून बसवले. मागणी साधी होती. सभागृहाचं नाव काढा, फोटो उतरवा, आणि या घरात आमच्यावर जे झालं ते झालं, असं पंचायतीनं आपल्या तोंडानं म्हणावं.

आमचे नगराध्यक्ष गुणवंतराव. चिमूरकडचे, किराण्याच्या घरातले, ठेकेदारी करता करता इकडे आले आणि इथलेच झाले. माणूस वाईट नाही. पण बालसदनाचं नाव काढलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, त्या काळी शिस्त होती. आधी त्यांनी सांगितलं की तेव्हा ग्रामपंचायत होती, नगरपंचायत नव्हती, म्हणून आमचा संबंध येत नाही. मग सांगितलं की अधीक्षक हयात नाहीत, विचारायचं कोणाला. कडुनिंबाखालचे लोक उठले नाहीत. चंद्रपूरचे पत्रकार येऊन फोटो काढून गेले. तेव्हा नगरपंचायतीनं ठरवलं की माफी मागू.

माफी कशी मागतात हे आमच्या नगरपंचायतीला ठाऊक नव्हतं. सत्कार कसा करतात ते ठाऊक होतं. म्हणून शाली आणल्या, नारळ आणले आणि फ्लेक्स छापला, "बालसदनाच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमिलन व दिलगिरी सोहळा". फ्लेक्सवर सगळ्या नगरसेवकांचे हसरे चेहरे. सोहळा कुठे, तर त्याच सभागृहात, त्याच फोटोखाली. फोटोला ताजा हार. माईक आणि नावं पुकारायचं काम अर्थातच माझ्याकडे.

सकाळीच मी बॉक्स लावायला गेलो. माझ्याकडे दोन बॉक्स. त्यातला डावा आठवडाभरापासून मेलेला होता, उंदरांनी वायर कुरतडली होती. पण एकच बॉक्स लावला तर लोक म्हणतात लहानूभाऊनं अर्धंच काम केलं. म्हणून मेलेलाही शोभेला उभा केला. त्याची वायर मागे लोंबत होती, कशालाही जोडलेली नव्हती. हे ध्यानात ठेवा.

वायरी बांधत होतो तेव्हा अन्नपूर्णाबाई आली. ती एककानी नव्हे, दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकणारी. तिचं गाव रानात आत. तिचा भाऊ चैतू बालसदनात होता. बाप गेल्यावर आईनं त्याला इथे आणून सोडलं, आणि एका पावसाळ्यात पंचायतीचा निरोप गेला, तुमचा पोरगा पळून गेला. बस, एवढंच. त्यानंतर चैतूला कोणी पाहिलं नाही.

आता त्यांच्या गावची रीत अशी की माणूस मेला की त्याच्या नावानं रानात दगड उभा करतात. दगड उभा झाला की मेलेला आपल्या पूर्वजांत जाऊन बसतो, घरचा होतो. मढं नसलं तरी चालतं, नाव लागतं. पण पळून गेलेल्याचा दगड उभारत नाहीत. न जाणो कुठे जिवंत असला, तर दगड त्याला मारून टाकेल. त्यांचा पेरमा, म्हणजे गावदेवाचा पुजारी, त्यानं सांगून ठेवलं होतं, की ज्या घरातून माणूस गेला त्या घराच्या मोठ्या माणसानं चारचौघांत म्हणावं की तो मेला, मगच दगड. घर होतं पंचायतीचं. अन्नपूर्णाची आई प्रत्येक सरपंचापुढे जाऊन उभी राहिली. प्रत्येकानं तेच सांगितलं, पळून गेला. आई तशीच वाट पाहत मेली. तिचा दगड उभा झाला, पोराचा नाही. आता अन्नपूर्णाचेही केस पिकले होते, आणि तिच्यामागे विचारणारं कोणी नव्हतं.

ती माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, चैतूचं नाव तीनदा पुकारनार का?"

मी म्हटलं, हो. मुख्याधिकारी साधना मॅडम नव्यानंच आल्या होत्या, त्यांचं काम नियमानं. इसरूनं दिलेल्या अर्जात ज्याचं नाव आहे त्याला मंचावर बोलवायचं, तीनदा पुकारून आला नाही तर गैरहजर, आणि गैरहजराचं प्रकरण बंद. गुणवंतरावांनी चैतूचं नाव गाळा म्हणून सांगून पाहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, गाळलं तर प्रकरण उघडं राहील, पुकारलं तर कायमचं मिटेल. गुणवंतराव तेव्हा नुसता घाम पुसत होते.

"आमच्याकडं हरपलेल्याले दोनदाच हाक मारते," अन्नपूर्णा म्हणाली. "तिसरी हाक नाई मारत. जित्त्याले ते आयकूच येत नाई. पन मेला असन, तं जिथी असन तिथून त्याले ओ द्याच लागते."

माझ्या हातातली चिकटपट्टी तिथेच थांबली. मी हसत विचारलं, "मंग काय करू बाई, दोनदाच पुकारू?"

"नाई. माह्या मायची हिंमत नाई झाली. तू तीनदा पुकार. मोठ्यानं पुकार."

कार्यक्रम सुरू झाला. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर पंखे घरघरत होते. पुढच्या रांगांत एककानी बसले होते, सगळे मान थोडी डावीकडे वळवून, उजवा कान मंचाकडे करून. मंचावर नगरसेवक, साधना मॅडम, आणि स्वतःच्या डाव्या हाताकडच्या टोकाच्या खुर्चीत गुणवंतराव. ते नेहमी टोकाच्याच खुर्चीत बसत, मधल्या मोठ्या खुर्चीत कधी नाही. वास्तुशास्त्र म्हणत. मी कैक वर्षं त्यांच्यासाठी माईकची वायर त्या टोकापर्यंत ओढत आलो आणि वास्तुशास्त्राला शिव्या देत आलो.

गुणवंतराव बोलले. त्या काळी शिस्त होती, त्या शिस्तीत काही बाबी अनवधानानं घडल्या असतील तर नगरपंचायत दिलगीर आहे, वगैरे. टाळ्या झाल्या. मी नावं पुकारू लागलो. एकेक म्हातारा मंचावर चढे, शाल घेई, नारळ घेई, फोटोखाली उभं राहायची वेळ आली की वर न पाहता कडेला सरके. इसरूची पाळी आली. त्यानं शाल हातात धरून उलटीपालटी केली आणि शांतपणे विचारलं, "अध्यक्षसाहेब, या गरमीत इचं काय करू? कानाले बांधू?"

लोक हसले. गुणवंतराव हसले नाहीत.

शेवटचं नाव चैतूचं. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "चैतू मडावी. मंचावर या."

पंखे घरघरत राहिले. कोणी खोकलं. साधना मॅडमनी बोट वर केलं, म्हणजे एक झाली.

"चैतू मडावी."

आता मी आवाजाचा धंदेवाला आहे. खोलीत आवाज टाकला की तो भिंतीवर आपटून परत येतो, कौलारू खोलीत मऊ, स्लॅबच्या खोलीत टणक, हे मी झोपेतही सांगेन. माझी पहिली हाक परत आली होती. दुसरी परत आली नाही. कोणीतरी झेलून ठेवावी तशी ती गेली ती गेलीच. पंखे फिरत होते, पण त्यांची घरघर थांबली होती. मंचामागे धान्याची जुनी कोठी होती, आता त्यात मोडक्या खुर्च्या ठेवत. तिच्या दाराखालून थंड वारा यायला लागला आणि माझ्या पायांना लागला. ओल्या फरशीचा वास आला, नुकतीच धुतल्यासारखा. बाहेर ऊन रखरखत होतं.

अन्नपूर्णा मागच्या भिंतीपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, पुकार म्हणून.

मी तिसऱ्यांदा पुकारलं.

मला काही ऐकू आलं नाही, हे आधीच सांगतो. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. पण माझ्या मशीनवर आवाज दाखवणारे दिवे असतात, उजव्या बॉक्सचे वेगळे, डाव्याचे वेगळे. उजवे विझलेले होते. डावे पेटत गेले, हिरवे, पिवळे, मग सगळ्यात वरचा लाल. डाव्या बॉक्सच्या तोंडावरचं काळं कापड आतून फुगलं, जसा कोणी पोरानं त्याला तोंड लावून श्वास सोडावा. वायर मागे लोंबत होती. मी पाहिली. जोडलेली नव्हती.

आणि समोरच्या रांगांतले सगळे एककानी एकदम वळले. सगळ्यांनी एकाच वेळी माना उजवीकडे फिरवल्या आणि मेलेला डावा कान माझ्या मेलेल्या बॉक्सकडे केला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. शाली मांडीवरून घसरल्या, नारळ फरशीवर गडगडत गेले, कोणी उचलले नाहीत. मागे बसलेले गावकरी, नगरसेवक, पोलीस पाटील, सगळे दोन कानांचे लोक बावळटासारखे इकडेतिकडे पाहत होते, कारण आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

मंचावर मात्र एक जण वळला होता. गुणवंतराव खुर्चीतून उठले होते. तेही डावा कान बॉक्सकडे करून उभे होते, आणि त्यांचं डावं कोपर वर आलं होतं, गालावर, कानावर, जसं मार चुकवताना पोरगं आणतं. साठीचा माणूस, पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर उपरणं, आणि कोपर असं.

साधना मॅडम त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन वाकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "सर, गैरहजर म्हणा, पुढे जाऊ." आम्हाला त्यांच्यापुढच्या माईकवरून स्वच्छ ऐकू आलं. गुणवंतरावांना आलं नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. तेव्हा मला त्या टोकाच्या खुर्चीचं वास्तुशास्त्र कळलं.

इसरू पहिल्या रांगेतून उठला. बराच वेळ तो त्या कोपराकडे पाहत राहिला. मग साहेब नाही, भाऊ नाही, नुसतं म्हणाला, "गुन्या हायेस का तू? कोठीच्या दाराजवळ झोपाचा, तो?"

गुणवंतरावांनी कोपर खाली घेतलं. चिमूरच्या दुकानदाराला पोर नव्हतं, त्यानं बालसदनातून एक उचलून नेलं होतं, ही गोष्ट नंतर सगळ्यांनीच आठवल्यासारखी केली.

अन्नपूर्णा मधल्या वाटेनं पुढे आली. तिनं मंचापाशी येऊन, बरोबर त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून विचारलं. आवाज चढवला नाही.

"मले नाई आयकू आलं. काय म्हनला तो?"

गुणवंतरावांनी माईक हातात घेतला. मला वाटलं, आता शिस्त येणार.

"हाजर," ते म्हणाले. "हाजर, गुरुजी, म्हनला. तसंच म्हना लागे, हाजरी घेतली का."

"हाजर हाये, मंग पळाला कसा?"

ते फोटोकडे पाहत होते. "पळाला नाई. त्याले ताप होता. रडला म्हनून मारलं, कोठीत टाकलं. आत बोलून राह्यला होता बराच वेळ. मी दाराजवळच होतो. मंग नाई बोलला. सकाळी कोठी धुतलेली होती. आमाले सांगतलं, पळाला म्हना. आमी म्हनलो."

"तू त्या वक्ती लेकरू होतास," अन्नपूर्णा म्हणाली. "ते तुह्यावर नाई. पन आता या घराचा मोठा तू हायेस. मोठा म्हनून सांग. चारचौघांत सांग."

एक नगरसेवक उठून म्हणाला की हा विषय पत्रिकेवर नाही. इसरूनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो बसला.

"मेला," गुणवंतराव माईकवर म्हणाले. "चैतू मडावी पंचायतीच्या घरात मेला. पंचायतीनं मारला. पळून गेला म्हनून सांगतलं ते खोटं होतं. मी नगराध्यक्ष म्हनून सांगतो." आणि मग मॅडमकडे वळून, "हजर लिहा त्याले."

माझे डावे दिवे एकेक करून विझले. पंखे पुन्हा घरघरायला लागले, आणि तो आवाज इतका मोठा वाटला की काही बायांनी कानावर हात ठेवले.

पुढचं थोडक्यात. फोटो त्याच दिवशी उतरला. मी स्वतः स्टुलावर चढून काढला, आणि हे माझं वाघाइतकंच खरं आहे, की फोटोतला उजवा हात खुर्चीच्या हातावर नव्हता, मांडीवर दुसऱ्या हाताखाली दडवलेला होता. लोक म्हणतात आधीपासून तसाच होता. असेल. ठराव झाला, त्यात "अनवधानानं" हा शब्द गुणवंतरावांनी येऊ दिला नाही. नगरसेवकांपैकी काही जण त्यांची खुर्ची काढायच्या मागे लागले, ते अजून चालू आहे. पोलिसांनी कोठीची फरशी उकरली. खाली मुरूम निघाला, दुसरं काही नाही. चैतूला कुठे नेलं ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

दगड उभा करायला आम्ही भात कापून झाल्यावर गेलो. भोंगा आणू नको, असं अन्नपूर्णानं मला बजावलं होतं. उभट, करडा, माणसाच्या छातीएवढा दगड बल्ल्यांना, म्हणजे जाड वाशांना, बांधून तिच्या गावातून नेला. इसरू आणि सगळे एककानी आळीपाळीनं खांदा देत होते. गुणवंतराव गाडी दूर लावून पायी आले आणि न विचारता बल्लीखाली शिरले, उजवा खांदा देऊन. कोणी त्यांना हटकलं नाही. जागा देताना इसरू एवढंच म्हणाला, "हळू, साहेब. ठेका नोहे हा."

सागाच्या झाडांखाली अन्नपूर्णाच्या घरचे दगड ओळीनं उभे होते. आईच्या दगडाशेजारी खड्डा खणला होता. दगड उभा झाला, माती दाबली, पेरम्यानं तांदूळ वाहिले, आणि चैतूचं नाव घेतलं. एकदाच.

सगळे एककानी वळले. डावा कान दगडाकडे करून उभे राहिले. रान गप्प होतं, पानही हललं नाही, आणि आता दिवे पाहायला माझ्याकडे मशीन नव्हती. थोड्या वेळानं एकेकानं मान सरळ केली. इसरूनं केली. कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

गुणवंतराव तसेच राहिले. मग ते दगडाजवळ गेले, वाकले, आणि डावा कान दगडाला लावला, जसा दाराला लावतात. बराच वेळ. उठले तेव्हा गालावर ओली माती लागली होती आणि चेहरा घाबरलेल्या पोरासारखा झाला होता.

"काऊन बोलत नाई तो?" त्यांनी विचारलं.

अन्नपूर्णा दगडाच्या पायाशी मोहाची दारू ओतत होती. तिनं पळसाचा द्रोण रिकामा होऊ दिला, मग वर पाहिलं.

"घरी आल्यावर कोनी हाजरी देते का?"